ठंडा की गरम?

एप्रिल लागला की आमच्या फ्रिजच्या दाराची मांडणी बदलते. दुधाच्या पिशव्या आतल्या फळीवर जातात, लोणच्याची लहान बरणी भाजीच्या खणात सरकते आणि दारातला खालचा कप्पा बाटल्यांसाठी मोकळा होतो. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. बाकीचे लोक बाटली आडवी ठेवतात आणि मग झाकण फिरवताच निम्मी बाटली ओट्यावर सांडते. काल रविवार होता, ते काम केलं. बाहेर उज्जैनचं ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादरही डोळ्यांना सहन होईना. बाटल्या उभ्या लावून झाल्यावर मी दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं. काही पडलं नाही. उन्हाळा सुरू झाला.

बाटल्या एकाच प्रकारच्या, पण आमच्या घरात त्यांना चार नावं आहेत. माझी मुलगी ईरा म्हणते कोल्ड्रिंक. सुहास, म्हणजे माझा नवरा, रंग कोणताही असो, सोडाच म्हणतो. सासूबाईंसाठी ते लेमन, मग त्यात लिंबू असो की संत्रं. आणि सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांच्यासाठी ते ठंडा. मराठीतला थंड नव्हे. ठंडा, ठसठशीत ठ-चा, इथला.

मी एका बँकेत हिशेब तपासते. एकाच वस्तूची चार खाती दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून मी मागे एकदा या चारही नावांची तपासणी केली होती. चारही नापास झाली. सोड्याच्या बाटलीवरचं लेबल वाचलं: पाणी आणि वायू. सोडा नाहीच. लेमनमध्ये लिंबाचा नुसता वास. कोल्ड्रिंक दुकानातून घरी आणेपर्यंत कोमट झालेलं असतं, तरी नाव तेच. आणि ठंडा? त्याची गोष्ट जरा लांब आहे.

माझं माहेर जळगावचं. ऊन मला नवीन नव्हतं, ती भाषा नवीन होती. लग्न ठरायच्या वेळी आम्ही उज्जैनला आलो आणि नानांनी आम्हाला आधी घरी न नेता टावर चौकाजवळच्या आपल्या दुकानात नेलं. गावाबाहेरच्या भैरवगढ़च्या हातछपाईच्या चादरी, ओढण्या, साड्या. मी गादीच्या कडेला टेकले न टेकले तोच नानांनी विचारलं, “ठंडा की गरम?”

मला वाटलं, हवेबद्दल विचारतायत. मी म्हटलं, “पाणी चालेल.”

नाना हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, “पाणी तर मिळणारच. पाणी विचारायचं नसतं. ठंडा की गरम, ते सांग.”

त्या एका वाक्यात मला या गावचा नियम कळला. गरम म्हणजे चहा. ठंडा म्हणजे बुडबुडेवाली बाटली. माठातलं पाणी कितीही गार असलं तरी ते ठंडा नव्हे, आणि बाटली उन्हात तापलेली असली तरी ती ठंडाच. शिवाय हा प्रश्न भाव सांगायच्या आधी यायला हवा. भावानंतर विचारला तर ती लालूच झाली, आधी विचारला तर पाहुणचार. मी ठंडा म्हटलं. नानांनी रस्त्यापलीकडच्या टपरीकडे पाहून दोन बोटं उभी केली. तो त्यांचा ठंड्याचा इशारा होता. चहासाठी ते पंजा पालथा करत. पलीकडून बाटल्या आल्या. मी पहिला घोट घेतला, नाकात बुडबुडे गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. माझी आई नंतर कितीतरी वर्षं सांगायची की मुलगी सासर पाहून रडली.

पुढे लग्न होऊन आल्यावर एकदा मी दुकानात होते. एका बाईंनी दुकानभर चादरी उलगडायला लावल्या, ठंडा प्यायल्या आणि काही न घेता निघून गेल्या. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते नानांनी वाचलं असावं. चादरीची घडी घालत ते म्हणाले, “ऊन झेलून आली होती ना? मग झालं.”

हे शब्द येतात कुठून, याचं मला तेव्हापासून कुतूहल. मी भाषेची जाणकार नाही, पण ताळा करून पाहायची सवय आहे. सोडा हा शब्द बाटलीत येण्याआधी राखेत होता. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या काही झुडपांची राख करत. त्या राखेनं कपडे स्वच्छ निघत, तिच्यापासून काच होई. अशा एका झुडपाच्या अरबी नावावरून हा शब्द युरोपात गेला असावा, असं एक मत. दुसरं मत असं की अरबीत डोकेदुखीला जो शब्द आहे त्यावरून तो आला, कारण ही वनस्पती डोकेदुखीवर देत असत. खरं कोणतं ते जाणकारांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून मी दोन्ही लिहून ठेवते. पुढे त्या क्षाराचं पाणी फसफसवून विकू लागले. नंतर नुसता वायूच पाण्यात भरता येऊ लागला. क्षार गेला, नाव राहिलं. भैरवगढ़ला मात्र खरा सोडा अजून भेटतो. तिथे कापड धुण्याच्या हौदात हात बुडवला की तोच तो बोटांना बुळबुळीत लागणारा सोडा. म्हणजे नानांच्या चादरीत सोडा असायचा आणि नानांच्या सोड्यात नसायचा.

आणि ठंडा. हा शब्द संस्कृतातल्या स्तब्ध या शब्दावरून आला असं सांगतात. स्तब्ध, म्हणजे थिजलेलं, जागच्या जागी थांबलेलं. थंडीनं सगळं थिजतं, म्हणून थंड. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. घरात एक क्षण स्थिर न बसणारी जर कोणती वस्तू असेल तर ती ही बाटली, आणि तिलाच हे नाव!

तीन उन्हाळ्यांपूर्वी मला त्याचं हसू येईनासं झालं.

त्या वर्षी होळीनंतर नानांना अर्धांगवायूचा झटका आला. दुकान उघडतानाच आला. शटर अर्धं वर गेलं होतं. उपचार वेळेवर मिळाले, पाय हळूहळू जमिनीवर टेकू लागला, गिळायला त्रास नव्हता, उजवा हात तेवढा मागे राहिला. पण शब्द गेले. सगळे. नानांना सगळं समजत होतं. वर्तमानपत्र उलटं दिलं तर ते सुलटं करून घेत. पण तोंड उघडत आणि आत जणू काही सापडत नसे. एका आयुष्यात गावातल्या अर्ध्या लोकांशी बोललेला माणूस खिडकीशी खुर्चीत बसून राहिला. स्तब्ध हा शब्द किती जड आहे, ते मला त्या खुर्चीकडे पाहून कळलं.

त्यांना शब्द परत शिकवायला एक तरुण बाई घरी येत. आम्ही त्यांना स्पीचवाल्या मॅडम म्हणत असू. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, “ये शुरू के महीने बहुत कीमती हैं. जो आना है, अभी खींचना पड़ेगा. और हार इन्होंने मान ली, तो फिर मैं भी कुछ नहीं कर सकती.” मग म्हणाल्या, “कार्ड बनाइए. जो भाषा घर में बोली जाती है, उसी में.”

इथे आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, सूत्रं हातात घेतली. नानांचे पूर्वज कधीकाळी मराठा सरदारांच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले, त्याला दोन-अडीच शतकं झाली. तेव्हापासून या घराण्याला आपल्या मराठीचा फार अभिमान. आई म्हणाल्या, “आपल्या घरात शुद्ध मराठी बोलतात. हिंदीचा एक शब्द येता कामा नये. अगं, तो चम्मच दे जरा, आणि चाबी कुठे ठेवलीस अलमारीची?”

मी चमचा दिला, किल्ली दिली.

आईंनी स्वतःच्या सुंदर अक्षरात कार्डं केली. वर चित्र, खाली शब्द. कपाट. किल्ली. भाजी. दूरचित्रवाणी. पादत्राणे. बाटलीच्या चित्राखाली त्यांनी लिहिलं: शीतपेय. ईरानं ते वाचून विचारलं, “आजी, हे कोण पितं?”

“शहाणी आहेस. लिहितात असंच.”

“लिहितात गं. पण मागतं कोण?”

नाना त्या कार्डांकडे दुसऱ्याच्या दुकानातला माल पाहावा तसं पाहत. नीट, सभ्यपणे, आणि घ्यायचा विचार नसल्यासारखं. आई म्हणत, “म्हणा, शीत-पेय.” नानांचे ओठ हलत आणि थांबत. असे बरेच दिवस गेले. शेवटी मॅडमनी कार्डं चाळली आणि आईंना सरळ विचारलं, “माताजी, आप इनको पचास साल से क्या बोलकर पिलाती हैं?”

आईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “लेमन.”

“और दादा क्या बोलते थे?” त्यांनी नानांकडे बोट केलं.

“ठंडा.”

त्या संध्याकाळी आईंनीच कार्डं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला नवे शब्द लिहिले. अलमारी. चाबी. सब्जी. टीव्ही. चप्पल. ठंडा. त्यांना ते अवघड गेलं असणार. आपली भाषा आपण मानतो ती नसून आपण बोलतो ती आहे, हे कबूल करणं सोपं नसतं. आज मला तीच कार्डं जास्त मराठी वाटतात.

त्यानं थोडा फरक पडला. “हो” आलं, “नाही” आलं. एकदा पंख्याकडे पाहून “बंद” आलं. पण त्यापुढे गाडी सरकेना. मॅडमनी एक युक्ती सांगितली होती: आवडती वस्तू समोर धरा, पण देऊ नका, मागू द्या. साखर डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून मी साधा सोडा आणून त्यात लिंबू आणि चिमूटभर काळं मीठ घालायची, आणि ग्लास नानांच्या समोर धरायची. “मागा ना, नाना. काय हवंय?” ग्लासात बुडबुडे खालून वर यायचे, काठाशी फुटायचे, कमी कमी व्हायचे. नाना तोंड फिरवून घ्यायचे. शेवटी पाणी शांत व्हायचं आणि मी ग्लास तसाच त्यांच्या डाव्या हातात द्यायची. बुडबुडे गेल्यावर त्यात उरतं ते नुसतं खारट पाणी. नाना ते मुकाट पीत. रोज ते जास्त लवकर तोंड फिरवू लागले. मॅडमचं हार मानण्याबद्दलचं वाक्य मला ग्लास धुताना आठवायचं.

मे महिन्यातल्या एका सुटीच्या दिवशी, दुपारच्या भर उन्हात, इक्बालभाई आले. भैरवगढ़चे छपाईवाले, नानांकडे पिढीजात माल देणारे. खांद्यावर कापडाचं बोचकं, मानेवरून घाम वाहत होता. झटक्यानंतर ते प्रथमच येत होते. कसं यावं ते कळत नव्हतं, असं त्यांनी दारातच सांगितलं. मी नेहमीचा ग्लास हातात धरून नानांसमोर बसले होते. आई गडबडल्या. इक्बालभाई स्टुलावर टेकले आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. बोचकं सोडलं, एक चादर काढली आणि नानांच्या मांडीवर पसरली.

“दादा, नई छपाई है. आप देख लो, तो आगे का रंग चढ़ाऊँ.”

नानांचा डावा हात चादरीवर फिरला. कडेला थांबला. अंगठ्याखाली कापड चुरगळून त्यांनी पोत पाहिला, नेहमी पाहत तसा. मग त्यांनी वर पाहिलं. इक्बालभाईंच्या घामाकडे. माझ्या हातातल्या ग्लासाकडे. पुन्हा इक्बालभाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एक अस्वस्थपणा आला, घरात काहीतरी चुकतंय आणि कुणाच्या लक्षातच येत नाहीये, असा. डावा हात उठला. दोन बोटं उभी राहिली, खिडकीच्या दिशेनं, जणू बाहेर दुकानासमोरचीच ती टपरी होती.

“ठं,” नाना म्हणाले.

आई पुढे झाल्या. “ठंडा म्हणायचंय का तुम्...”

मी त्यांचं मनगट धरलं.

“ठंडा,” नाना म्हणाले. मग दम घेतला. “ठंडा... की...” ओठ मिटले, पुन्हा उघडले. “गरम?”

इक्बालभाईंना यात विशेष काय ते माहीतच नव्हतं. त्यांना तर हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जात होता. त्यांनी कपाळ पुसत सहज उत्तर दिलं, “ठंडा ही पिलाओ दादा. बाहर तो आग लगी है.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. माझ्याआधी आई स्वयंपाकघरात पोचल्या होत्या, आणि आतून स्टीलचे ग्लास एकामागून एक खाली पडल्याचा आवाज आला.

मग मी हिशेब जुळवत बसले, माझी सवयच ती. इतके दिवस आम्ही त्यांना मागायला लावत होतो. पण नानांनी मला आठवतंय तेव्हापासून स्वतःसाठी कधी काही मागितलंच नव्हतं. जेवताना मीठ कमी असलं तरी ते ताटाकडे पाहत, आणि आई समजून घेत. जो रस्ता त्यांच्या पायाखालचा नव्हता त्यावर आम्ही त्यांना ढकलत होतो. त्यांचा रस्ता दुसरा होता. त्यांचं बोलणं समोरच्यापासून सुरू व्हायचं. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “पहले बताना था ना, कि ये पिलानेवाले आदमी हैं!”

त्यानंतर आमच्या घरी जो उन्हाळा साजरा झाला तसा कॉलनीत पुन्हा कुणाकडे झाला नसेल. पाहुणे हवे होते, म्हणून पाहुणे बोलावले. शेजारचे शर्माजी तर रोज येऊ लागले. “दादा की प्रैक्टिस कराने आया हूँ,” म्हणत बसायचे, आणि नानांना दरवेळी नवं उत्तर द्यायचे. आज गरम. आज ठंडा, पण बिना बर्फ. आज आधी ठंडा, नंतर गरम. शर्मावहिनी कुंपणावरून ओरडायच्या, “इनका शुगर बढ़ा तो दादा से ही इलाज कराऊँगी!” नाना हसायचे, आणि हसता हसता एखादा शब्द बाहेर पडायचा. “बसा.” “कसे?” “बर्फ?” “अजून?” सगळे प्रश्न. नानांची भाषा प्रश्न होऊन परत आली. एका पावसाळी दुपारी त्यांनी आईंना विचारलं, “तू... जेवलीस?” आईंनी हो म्हटलं. जेवल्या नव्हत्या, मला माहीत होतं.

सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. जे आलं नाही ते आलं असं लिहिणं माझ्या स्वभावात नाही. नावं अजून निसटतात. ईराला ते कधी कधी आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात आणि ती ओ देते. दुकान सुहास बघतो. नाना संध्याकाळी काठी टेकत जातात, गादीवर बसतात आणि आल्यागेल्याला तो एकच प्रश्न विचारतात. तो प्रश्न आता आमच्याकडे दुसरं कुणी विचारत नाही. वेळ लागला तरी गिऱ्हाईक थांबतं. पलीकडची टपरी गेली, तिथे मोबाईलचं दुकान आलं. तरी नाना दोन बोटं उभी करतात, आणि सुहास मागच्या छोट्या फ्रिजमधून बाटली काढतो.

मलाही त्या उन्हाळ्यापासून एक सवय लागली होती. बँकेतून आले की मी उंबऱ्याशी थांबायची. चप्पल काढायची, पर्स खांद्यालाच ठेवायची आणि पाहुण्यासारखी उभी राहायची. नाना खुर्चीतून पाहायचे, शब्द गोळा करायचे आणि विचारायचे. मी उत्तर दिलं की मगच आत जायची. ती त्यांची तालीम होती, आणि खरं सांगायचं तर मी दिवसभर त्या प्रश्नाची वाट पाहायची.

आज सोमवार. आले तेव्हा डोकं उन्हानं ठणकत होतं. सवयीनं उंबऱ्याशी थांबले. नानांनी पाहिलं. ओठ हलले. मी थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मला वाटलं, आज शब्द सापडत नाहीयेत. मी धीर देणारा चेहरा करून उभी राहिले.

“तू काय,” नाना म्हणाले. थांबले. भुवया वर गेल्या. “तू काय मेहमान आहेस? फ्रिज... तिकडे आहे. घे ना.”

आत आईंच्या लाटण्याचा आवाज थांबला. मी पर्स खाली ठेवली आणि आत निघाले. फ्रिजच्या दाराशी पोचले असेन, तेवढ्यात मागून पुन्हा आवाज आला, थोडा संकोचलेला.

“अन्... मला पण दे.”

बाटलीच्या चार नावांपैकी कोणतंच त्यांनी घेतलं नाही. मी खालच्या कप्प्यातली बाटली काढली, लिंबू कापलं आणि दोन ग्लास भरले. बुडबुडे वर येत होते तोवरच एक नानांना नेऊन दिला.